दीक्षित की दिवेकर? आधी तेलाचा डबा बघू

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे विषय ठरलेले असतात. पहिल्या फेरीत गुडघे, दुसरीत मुलांच्या नोकऱ्या, तिसरीत वजन. आमच्या घोळक्यात वजनावरून उघड उघड दोन पक्ष आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका दीक्षित पक्षाचे. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मधे काही नाही. त्यांच्याच सोसायटीतल्या एक मावशी दिवेकर पक्षाच्या. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, तूप आणि भात सोडायचा नाही. काकांचं सात किलो उतरलं, मावशींचं पाच. रोज एकमेकांचं शास्त्र खोडून काढतात आणि मग खाली येऊन एकाच टपरीवर चहा घेतात.

गेल्या वर्षापासून तिसरा पक्षही आलाय, आठवड्याला एक इंजेक्शनवाला. त्याच्याकडे शेवटी येऊ.

एक म्हणतो दोनदाच खा, दुसरा म्हणतो सारखं खा, आणि वजन दोघांचंही उतरतं. हे कसं? डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्यातला हा वाद महाराष्ट्रात कितीतरी जेवणाच्या टेबलांवर रंगलाय, पण हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. उत्तर शोधायचं तर शरीराचं जमाखर्चाचं खातं उघडावं लागेल. खातं सोपं आहे. खातेदार मात्र बेरकी आहे.

बादलीभर पाणी आणि एक वडापाव

कॅलरी हे उष्णतेचं माप. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक कॅलरी. (काटेकोरपणे ही किलोकॅलरी, शाळेच्या पुस्तकातला 'उष्मांक' तो हाच. आपण रोजच्यासारखं कॅलरीच म्हणू.)

आता हिवाळ्यातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. नळाचं पाणी २० अंशांवर आहे, आंघोळीला ४० अंशांचं हवं, बादली १५ लिटरची. १५ गुणिले २० म्हणजे ३०० कॅलरी. एका वडापावातही साधारण तेवढ्याच असतात. म्हणजे एक वडापाव बरोबर एका बादलीचं पाणी तापवेल. दिवसाला २००० कॅलरी खाणारा माणूस जवळजवळ सात बादल्यांची ऊर्जा पोटात घालतो. दिवसभरात पसरून पाहिली तर ती १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी होते. आपण सगळे चालतेबोलते बल्ब आहोत.

अन्नातली ही ऊर्जा माणसाच्या शरीरात नेमकी किती उपयोगी पडते, हे विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या अखेरीस मोजलं. त्यासाठी त्याने माणसं चक्क एका बंद खोलीत ठेवली आणि त्यांच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. त्याचे आकडे आजही पाकिटांवर वापरले जातात. पिष्ट आणि साखर यांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, प्रथिनांना ४, चरबीला ९, आणि विचारलंच आहे म्हणून सांगतो, दारूला ७. तेल आणि तूप या दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखाच. घाण्याचं तेल असो की घरचं कढवलेलं तूप, नऊ ते नऊच.

खर्चाच्या बाजूला काय असतं

घरखर्चात घरभाडं किंवा हप्ता हा मोठा आणि ठरलेला आकडा असतो, तसं शरीरातही असतं. काही न करता नुसतं पडून राहिलं तरी हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंडं चालूच असतात. दिवसाच्या एकूण खर्चातला ६० ते ७० टक्के भाग इथेच जातो. या सगळ्या आतल्या कारभाराला चयापचय म्हणतात. एकटा मेंदूच या पडून राहिल्यावेळच्या खर्चाचा पाचवा हिस्सा खातो, मग त्या दिवशी त्याने काही विचार केलेला असो वा नसो.

दुसरा खर्च मार्केट यार्डासारखा आहे. माल आला की उतरवायची हमाली द्यावी लागते. अन्न पचवणं, शोषून घेणं, साठवणं यांत अन्नातलीच काही ऊर्जा जाते. प्रथिनांची हमाली सगळ्यांत महाग, १०० कॅलरींतल्या २० ते ३० तिथेच जातात. पिष्टाची ५ ते १०. तेलातुपाची फार तर ३. तेल हा असा माल आहे की जवळजवळ फुकटात गोदामात जाऊन बसतो.

तिसरा खर्च हालचालीचा, आणि यात व्यायामापेक्षा साधी चुळबुळ महत्त्वाची ठरू शकते. जिने, झाडू, उभं राहून फोनवर बोलणं, ऑफिसात दर पंधरा मिनिटांनी कुणाच्या तरी टेबलापाशी जाणं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही, कुणाची चार किलोंच्या वर गेली. ज्यांची वाढली नाही ते व्यायामशाळेत गेले नव्हते. त्यांच्या शरीराने नकळत चुळबुळ वाढवली होती. 'तो कितीही खातो, अंगाला लागत नाही' म्हणतात, त्यातलं बरंचसं गुपित हे. दोष तुमचा नाही आणि कर्तृत्व त्याचं नाही.

सिंहगड चढलो, आता काय हरकत आहे?

हा प्रश्न पुण्यात रविवारी सकाळी हजारो जण स्वतःला विचारतात, आणि उत्तर 'काही हरकत नाही' असंच येतं. आपण एकदा हिशेब मांडून पाहू.

तुमचं वजन ७० किलो. आतकरवाडीकडून चढ साधारण ६०० मीटर धरू. ७० किलो वजन ६०० मीटर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सुमारे १०० कॅलरी लागतात. स्नायू मात्र काटकसरी यंत्र नाही. चारातला एक भाग कामाला लागतो, तीन भाग उष्णता होऊन घामातून जातात. म्हणून प्रत्यक्ष खर्च ४००. पुढे चालण्याचे आणि उतरण्याचे धरून एकूण पाचशे ते सहाशे म्हणू.

आता वर. दोन भाकऱ्या, प्रत्येकी ६० ग्रॅम पीठ, म्हणजे ४०० कॅलरी. पिठल्यात मूठभर बेसन आणि पळीभर तेल, २७०. चौघांत मिळून मागवलेली आणि एकट्याने अर्धी संपवलेली कांदाभजी, ३००. मडक्यातलं दही साखर घालून, दीडशे. बेरीज अकराशेच्या वर.

पण इथे थोडा न्यायही करायला हवा. पिठलं-भाकरी आपण घरी असतो तरी खाल्लीच असती, ते दुपारचं जेवणच आहे. खरी जादा भर भजी आणि दह्याची. म्हणजे हिशेब साधारण बरोबरीत सुटला. गड चढूनही वजन तिथेच का, याचं उत्तर इतकं साधं आहे. मनगटावरचं घड्याळ ८०० कॅलरी जळल्या म्हणत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली अशी सात उपकरणं तपासली. ठोके ती बऱ्यापैकी मोजत होती, पण कॅलरींच्या बाबतीत त्यातल्यात्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं.

म्हणून गड सोडायचा का? मुळीच नाही. चढल्याने रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, हाडं, मूड सगळं सुधारतं, आणि उतरलेलं वजन टिकवायला व्यायामासारखा आधार नाही. फक्त त्याला भज्यांची पावती समजू नये.

मग काका आणि मावशी दोघंही बारीक कसे झाले?

काकांचं आधीचं वेळापत्रक मला माहीत आहे. सकाळी चहा-खारी, अकराला चहा, चारला चहा आणि वाटीभर फरसाण, सात वाजता 'जरासं काहीतरी', रात्री टीव्हीसमोर शेंगदाणे. दोनच जेवणं म्हटल्यावर हे सगळं एका फटक्यात गेलं. तळलेल्या फरसाणात १०० ग्रॅमला ५०० च्या आसपास कॅलरी असतात. जेवण थोडं वाढलं असेल, पण गेलेलं भरून निघालं नाही.

मावशींची अडचण उलटी होती. दिवसभर डबे, स्वयंपाक, नातवंडं यांत खायला वेळ नाही आणि रात्री भुकेने वखवखून चार पोळ्या, भात, वर काहीतरी गोड. दर दोन तासांनी मूठभर काही पोटात गेल्यावर रात्रीची ती वखवख संपली. दोघांचेही मार्ग वेगळे, पण जमेच्या बाजूचा आकडा दोघांचाही खाली आला. स्वतः न मोजता आला, ही खरी कमाल.

मोठे प्रयोगही हेच सांगतात. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एक कमी चरबीचा आणि एक कमी पिष्टाचा. निकाल २०१८ मध्ये आला. सरासरी घट ५.३ किलो आणि ६ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. एकाच गटात मात्र कुणाचं २५ किलो उतरलं होतं आणि कुणाचं वाढलं होतं. पद्धत कोणती यापेक्षा ती त्या माणसाच्या घराशी, नोकरीशी, जिभेशी किती जुळते, यावर सगळं. चीनमधल्या एका वर्षभराच्या प्रयोगात (२०२२) दोन्ही गटांनी सारख्याच कॅलरी कमी केल्या, पण एका गटाने शिवाय दिवसाच्या आठ तासांतच खायचं बंधन पाळलं. वजनातला फरक पुन्हा नगण्यच.

उपास करूनही वजन वाढणाऱ्यांना आपल्या आज्यांनी केव्हाच सांगून ठेवलंय, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात, त्यात दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा. खिचडीची एक भरलेली प्लेट साध्या वरणभातापेक्षा हलकी नक्कीच नसते.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणं गाळण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध तेवढंच आणि अन्न कमी झालं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. गरोदर बाई आणि वाढत्या वयाच्या मुलांनी या दोन्ही पक्षांपासून लांबच राहावं.

"१०० कॅलरीची बिस्किटं आणि १०० कॅलरीची उसळ, एकच का?"

खात्यात एकच, पोटात नाही. उसळीची हमाली जास्त, ती चावायला वेळ लागतो, आणि तासाभराने पुन्हा डबा उघडावासा वाटत नाही. बिस्किटं चहात बुडवून दोन मिनिटांत संपतात.

हा फरक अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली मोजला. २० जण चार आठवडे तिथेच राहिले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. ताटात मांडलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू सगळं सारखं ठेवलं होतं आणि 'हवं तेवढं खा' असं सांगितलं होतं. पाकीटबंद अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढलं, दुसऱ्या अन्नावर तेवढंच उतरलं. कुणीही स्वतःला हावरट वगैरे समजत नव्हतं.

"मी तर काहीच खात नाही!"

हे वाक्य मी घरातही ऐकतो. आणि बोलणारी व्यक्ती खोटं बोलत नसते.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच काही जणांना तपासलं गेलं. आम्ही रोज १२०० कॅलरींपेक्षाही कमी खातो, तरी वजन हलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. चयापचय मोजलं तर ते नॉर्मल. खाणं मात्र ते प्रत्यक्षाच्या ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. हे पकडता आलं ते एका हुशार पद्धतीमुळे. खास जड अणू असलेलं पाणी प्यायला देतात आणि पुढचे काही दिवस लघवीत ते किती वेगाने कमी होतं ते पाहतात. त्यावरून माणसाने खरोखर किती ऊर्जा जाळली ते कळतं, त्याला एकही प्रश्न न विचारता.

आपल्याकडे हे न मोजलेलं कुठे लपतं? पहिलं ठिकाण चहा. अमृततुल्यचा एक कप म्हणजे दोन चमचे साखर आणि साठ-सत्तर मिली दूध, ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरी. दिवसाला चार कप झाले की एका वडापावाच्या वर. चहा मात्र कुणी खाण्यात धरत नाही.

दुसरं ठिकाण पोराच्या ताटात उरलेलं. अर्धी पोळी, दोन घास भात, वाटीच्या तळाचा शिरा. 'टाकवत नाही' म्हणून आई ते उभ्या उभ्या ओट्याशी खाते. ते कुठल्याच जेवणात मोजलं जात नाही.

आणि तिसरं, सगळ्यांत मोठं, तेल. भाजी 'अगदी कमी तेलातली' असते, पण किती कमी हे कुणालाच ठाऊक नसतं, कारण फोडणी हाताच्या अंदाजाने पडते. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मध्ये घरातलं तेल १० टक्क्यांनी कमी करायचं आवाहन केलं, तेव्हा आमच्याकडे पहिला प्रश्न हा आला की दहा टक्के कशाचे? सध्या किती लागतं?

ते काढायचा एक सोपा उपाय आहे. ५ लिटरचा डबा फोडला की झाकणावर स्केचपेनने तारीख लिहायची. संपला की दिवस मोजायचे. ५ लिटर म्हणजे साधारण ४५५० ग्रॅम तेल. चार जणांच्या घरात डबा ३० दिवसांत संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटासाठी तेलतूप २७ ग्रॅम धरलंय. त्या हिशेबाने चौघांना तोच डबा सहा आठवडे पुरायला हवा. यात बाहेरचं काहीच नाही, हॉटेलची मिसळ नाही, भेळेवरची शेव नाही. दिवाळीचा महिना मात्र हिशेबात धरू नका, चकल्या कढईत असताना कुणी गणित करू नये.

पहिल्या महिन्यात धडाधड उतरतं, मग अडतं का?

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले की माणूस पेढे वाटायच्या बेतात असतो. ते बहुतांशी पाणी असतं. यकृत आणि स्नायूंत साखरेचा थोडा राखीव साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं कमी झालं की तो साठा आधी वापरला जातो आणि पाणी निघून जातं. एका लग्नाच्या पंगतीत ते परतही येतं. म्हणून आज सकाळचा काटा आणि उद्या सकाळचा काटा यांत किलोभर फरक दिसला तर घाबरू नका आणि नाचूही नका.

खरा गोंधळ त्यानंतरचा आहे. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. यावरून सरळ भागाकार करणारे बरेच आहेत. रोज २४० कॅलरी कमी केल्या, म्हणजे फक्त दोन पळ्या तेल, तर वर्षाला ११ किलो उतरायला हवेत. हाच भागाकार पुढे चालवला तर ७० किलोचा माणूस पाच वर्षांत १३ किलोचा उरेल! कुठेतरी चुकतंय हे उघड आहे.

चुकतंय ते असं. गच्चीवरच्या टाकीला तळाशी चीर पडलीय अशी कल्पना करा. पाणी जितकं उंच तितकी गळती जोरात, पातळी उतरली की गळतीही मंदावते. नळ थोडा बारीक केला तर टाकी रिकामी होत नाही, पातळी खाली येऊन एका नव्या जागी स्थिरावते. वजनाचंही तसंच. हलकं शरीर चालवायला खर्च कमी येतो, म्हणून घट आपोआप थांबते. केविन हॉल यांच्याच २०११ च्या गणितानुसार रोजच्या दर २४ कॅलरींच्या कपातीमागे शेवटी एक किलो उतरतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, बाकीचं बहुतेक तीन वर्षांत. म्हणजे दोन पळ्या तेलाने एकूण १० किलो, तेही सबुरीने. एकविसाव्या दिवसाचा चमत्कार विकणाऱ्यांना हे गणित परवडणारं नाही.

शरीर शिवाय स्वतःहूनही खर्च कापतं, महिनाअखेर आली की घर जसं हॉटेल बंद करतं तसं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पावपट घटलं. हातपाय गार पडायचे, चिडचिड व्हायची, आणि ते तासन् तास पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. भूक लागलेल्या शरीराला वजन उतरवायचं नसतं, त्याला जगायचं असतं. आठवडाभर सूपवर राहिल्यानंतर श्रीखंडपुरीवर तुटून पडणाऱ्याला 'जिभेवर ताबा नाही' म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

"वय झालं, चयापचय मंदावलं"

पन्नाशीतले आम्ही सगळे यामागे लपतो. २०२१ साली २९ देशांतल्या ६४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवरून हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शरीराचा आकार हिशेबात धरला तर २० ते ६० या वयात हा खर्च जवळजवळ बदलत नाही. तो उतरतो साठीनंतर, तेही दरवर्षी एका टक्क्याहून कमी. चाळिशीत बदलते ती खुर्ची, गाडी, आणि रात्री साडेदहाचं जेवण.

थायरॉइड कमी पडला तर वजन वाढतं हे खरं, पण सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातही मीठ-पाण्याचा वाटा मोठा. तपासणी जरूर करावी, वीस किलोंचं खापर मात्र त्याच्यावर फोडू नये.

काटा जे सांगत नाही

आता आपल्या गावची गोष्ट. या विषयातलं एक जगप्रसिद्ध काम रास्ता पेठेत झालंय, हे पुणेकरांनाच फारसं माहीत नसतं.

उंचीच्या मानाने वजन मोजायला बीएमआय वापरतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. १६५ सेंटीमीटर उंची आणि ६८ किलो वजन असेल तर २५. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय नेमका सारखाच निघाला, २२.३. म्हणजे कागदावर दोघंही सडपातळ. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांचा शेजारी शेजारी उभं राहिलेला फोटो आणि हे आकडे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. बारीक दिसणारा पण आतून चरबी बाळगणारा भारतीय माणूस जगाला तिथे दिसला.

हे येतं कुठून? याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पोट आणि स्नायू विशेष कमी. पण त्वचेखालची चरबी? ती मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखून ठेवली होती. आईच्या पोटात तुटवडा सोसणारं बाळ स्नायूंवर काटकसर करतं आणि चरबीची पुंजी जपतं. त्याच गावांत ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. म्हणजे वजनाचं खातं आपण जन्मायच्या आधीच कुणीतरी उघडून ठेवलेलं असतं.

म्हणूनच जगात २५ च्या वर वजन जास्त धरतात, तर भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमताने ती रेषा २३ वर आणली आणि २५ पासून लठ्ठपणा धरला. आणि काट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला तर वजन 'नॉर्मल' असूनही रक्तदाब आणि रक्तातली साखर, चरबी तपासून घ्यावी. टेप बेंबीपाशी, श्वास सोडून. पोट आत ओढून मोजणाऱ्या काकांना आम्ही तळजाईवरच पकडलंय.

आणि इंजेक्शन?

मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आली, तेव्हापासून तिसरा पक्ष जोरात आहे. जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक निघतं, ते मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देतं. ही औषधं त्या निरोपाची नक्कल करतात आणि ती आठवडाभर टिकते. वेगोवीतल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांचं २.४ टक्के.

म्हणजे औषध चरबी वितळवत नाही. भूक कमी करतं, जमेची बाजू खाली येते, खातं तेच. माणसं इतकी वर्षं कमकुवत मनाची म्हणून हिणवली गेली आणि एका संप्रेरकाचा आवाज वाढवल्यावर ती सहज कमी खाऊ लागली, हे मला या औषधांतलं सगळ्यांत बोलकं वाटतं.

दोन गोष्टी जाहिरातीत ठळक नसतात. चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम सोबत हवा. आणि त्याच चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ यांचा त्रास अनेकांना होतो. ज्यांचा लठ्ठपणा मधुमेहाला किंवा हृदयाला भिडलाय त्यांच्यासाठी हे मोठं साधन आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. भाचीच्या लग्नात शालू बसावा म्हणून तीन महिने घ्यायचं हे औषध नाही.

काकांनी परवा मला विचारलं, मग तुमचा पक्ष कोणता? आमच्या ओट्याखालचा मागचा डबा २७ दिवसांत संपला होता. चालू डब्याच्या झाकणावर स्केचपेनने तारीख आहे. आज ३४वा दिवस, आणि तळाशी अजून चार बोटं तेल आहे.